काहीही उघडलेले नसताना हार्ड डिस्क सतत का चालू राहते?
संगणकावर काहीच काम सुरू नसताना डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असेल, तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘डिस्क’ या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करावे, म्हणजे सर्वाधिक वाचन-लेखन करणारा प्रोग्राम वर येतो. बहुधा तेथे अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा शोधासाठीचे इंडेक्सिंग (फायलींची सूची बनवणे) दिसते. ही कामे आपोआप संपतात, त्यांना मध्येच थांबवू नये. मेमरी, म्हणजे रॅम, मात्र काठोकाठ भरलेली असेल, तर विंडोज तिच्यातील माहिती डिस्कवरील पेजफाइलमध्ये, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून राखलेल्या फाइलमध्ये, पुन्हापुन्हा हलवत राहते, आणि अशा वेळी अनावश्यक प्रोग्राम बंद करणे किंवा रॅम वाढवणे हाच खरा उपाय ठरतो. डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक ऐकू येत असल्यास ती बिघडत असण्याची शक्यता असते, म्हणून बाकी सारे सोडून आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्यावी.