उद्योगघराण्यांत पिढी बदलली की कारभाराची पद्धत का बदलते?

जुनी पिढी सावध आणि नवी पिढी धाडसी, असे हा प्रश्न विचारताना बहुधा गृहीत धरलेले असते. कौटुंबिक समूहांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि माझा अनुभव जवळजवळ उलटा आहे. सर्वांत मोठा जुगार बहुधा संस्थापकच खेळलेला असतो. पद्धतीतला फरक मला स्वभावापेक्षा मालकी किती जणांत विभागली गेली आहे, यात दिसतो.

संस्थापकाच्या काळी मालक, व्यवस्थापक आणि कुटुंबप्रमुख एकच असतो. एका समूहात तर संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त आदल्या दिवशीच टंकलिखित होऊन येई आणि सह्या करणाऱ्यांना त्यात काहीच वावगे वाटत नसे. पुढे कारभार दोन भावांकडे आला, तेव्हा प्रत्येक खरेदीवर दोघांचीही सही हवी असा दंडक पडला. एक भाऊ परदेशी असल्यामुळे साध्या पंपाची मागणी तीन आठवडे अडून राहिलेली मी पाहिली आहे. भावांच्या पिढीचा खरा प्रश्न बरोबरीचा असतो. धीरूभाई अंबानी २००२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले आणि २००५ मध्ये समूहाची वाटणी झाली, हे उदाहरण सर्वांना ठाऊकच आहे.

चुलत भावंडांच्या पिढीत गणित आणखी बदलते, कारण बहुतेकांकडे शेअर असतात पण पद नसते. पदावरच्याला नफा पुन्हा धंद्यात घालायचा असतो, तर बाकीच्यांना लाभांश हवा असतो. मग लेखी नियम आणि बाहेरचे व्यवस्थापक येतात. डाबरच्या बर्मन कुटुंबाने १९९८ मध्ये दैनंदिन कारभार व्यावसायिकांकडे सोपवला. १६६८ मध्ये सुरू झालेल्या जर्मनीच्या मर्क या औषध कंपनीमध्ये आजही सुमारे ७० टक्के हिस्सा कुटुंबाचा आहे, पण कंपनी चालवतात ते बाहेरचे लोक. (ही वाट सगळेच धरतात असे मात्र नाही.)

वर सांगितलेल्या समूहात आता नातवंडे आहेत. इतिवृत्त सभेनंतर आठवड्याने येते आणि त्यात मतभेदही नोंदवले जातात. पहिल्यांदा असा मतभेद नोंदला गेला, तेव्हा थोरल्या काकांनी तो पुतणीने केलेला आपला अपमान मानला होता. तिच्या लेखी ती केवळ एका संचालकाची नोंद होती.