वडिलांचा आजार माझ्यात उतरेल का?

प्रश्न : एका आगीतून वाचल्यावर माझ्या वडिलांना पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार, झाला होता. तीन आठवड्यांपूर्वी मलाही मोठा अपघात झाला. रात्री दचकून जाग येते, गाडीत बसायचं म्हटलं की घाम फुटतो. हे रक्तातच असेल, तर जनुकीय चाचणी करून घेऊ का?

उत्तर : चाचणीवर पैसे घालवू नका. पीटीएसडीचं असं एकच जनुक नाही. २०२४ साली बारा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली, तेव्हा जनुकसंचात या आजाराशी जोडलेल्या ९५ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. एका माणसाचं भवितव्य त्यावरून सांगता येत नाही, आणि ‘धोका जास्त’ असं छापून आलेला कागद झोप मात्र आणखी उडवतो.

आनुवंशिकता आहे, हे खरं. व्हिएतनाम युद्धकाळात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांच्या १९९३ सालच्या अभ्यासात, माणसामाणसांच्या लक्षणांत जो फरक दिसला, त्याचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग आनुवंशिक निघाला. या आकड्याचा अर्थ हमखास चुकीचा लावला जातो. तुम्हाला आजार होण्याची शक्यता तेवढी, असा तो नाही. शिवाय वडिलांकडून येते ती प्रवृत्ती, आजार नव्हे. नैराश्याशीही ती बरीच सामायिक असते.

आता तुमच्याबद्दल. पीटीएसडीचं निदान लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच होतं. तीन आठवड्यांत असं दचकणं पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तोवर झोप, दचकणं आणि टाळलेल्या गोष्टी रोज दोन ओळींत लिहून ठेवा. गाडी कायमची सोडू नका. टाळत गेलं की भीती मुरते. आधी उभ्या गाडीत दहा मिनिटं बसा, मग जवळची फेरी, सोबत कोणीतरी असू द्या. झोपेसाठी दारू नकोच. डायझेपामच्या जातीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. त्यांनी पीटीएसडी टळत नाही, सवय मात्र लागते.

महिना उलटूनही त्रास तसाच राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आत्महत्येचे विचार आले किंवा रोजची कामंच जमेनाशी झाली, तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. वडिलांचा आजार तिथे जरूर सांगा. त्यांना कोणतं औषध लागू पडलं, घरात आणखी कोणाला नैराश्य होतं का, हेही. आघातावर केंद्रित मानसोपचाराची साधारण ८ ते १५ सत्रं लागतात, आणि घराण्यात आजार असला तरी हाच उपचार करतात.