पणजीतल्या तुमच्या दुकानाबद्दल: आधी तो प्रोजेक्टर रद्द करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार वर्षं कुणबी साड्या, स्टोल आणि हातमागाचे टॉवेल ऑनलाइन विकताय. आता पणजीत १८ जून रस्त्याच्या आतल्या गल्लीत ४२० चौरस फुटांची जागा बघितली आहे, आणि डिझायनरने ‘इमर्सिव्ह’ दुकानाचा आराखडा दिला आहे: भिंतीवर प्रोजेक्टरने समुद्राच्या लाटा, चार टचस्क्रीन, सेल्फीची भिंत. यावर १२ लाख घालावेत का, हा तुमचा प्रश्न.

घालू नका. समुद्र मिरामारला फुकट मिळतो. आणि स्क्रीनवर साड्या बघायच्या तर गिऱ्हाईक त्या घरी लोळत बघतंच आहे, त्यासाठी ते पार्किंग शोधत पणजीत का येईल?

मी मूळचा नेपथ्यवाला. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांना बरीच वर्षं सेट लावले, मग पोटासाठी दुकानं करायला लागलो. माझीच एक घोडचूक सांगतो. म्हापशात एका दुकानात मी हौसेने प्रोजेक्टर लावला. मे महिन्यात लोक थांबून बघायचे. ऑगस्टपर्यंत भिंतीला ओल आली, लेन्सवर बुरशी चढली, आणि दुरुस्तीला गेलेलं यंत्र चतुर्थी उलटली तरी परत आलं नाही. मालक अजून भेटला की विचारतो, “काय, लाटा कशा आहेत?”

त्याच म्हापशात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधी बेगमी करायच्या, दिवसांत शुक्रवारच्या बाजाराला जा आणि मिरचीवालीकडे बघत उभ्या राहा. ती गिऱ्हाइकाला मिरचीबद्दल काही सांगत बसत नाही. एक मिरची मोडते आणि नाकाशी धरते. ठसका लागला की भाव सुरू. अनुभव देणारं दुकान म्हणजे मला एवढंच ठाऊक आहे. फोनमधून जे येऊ शकत नाही, ते हातात द्यायचं.

तुमच्या बाबतीत ते काय, हे डिझायनरला विचारू नका. वर्षभरात परत आलेल्या साड्यांची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. व्हॉट्सॅपवर गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्नही त्यात घाला. माझा अंदाज, तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतील: रंग फोटोसारखा नाही, कापड जाड आहे का, आणि ही नेसायची कशी. दुकान या तीन गोष्टींसाठी बांधायचं.

रंगावर सगळ्यात जास्त पैसे घाला. कुणबी साडीचा जीव तिच्या लालात आहे आणि स्वस्त एलईडीखाली तोच लाल मातकट दिसतो. दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय ८०’ लिहिलेलं असतं, म्हणजे त्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात त्याचे गुण. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो, तो ‘आर-९’ म्हणून वेगळा मोजतात. तेव्हा सीआरआय ९० च्या वर आणि आर-९ निदान ५० असलेले दिवे मागा. विक्रेता “ते काय असतं?” म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. आणि मोठा आरसा आत कोपऱ्यात नको, दाराजवळ, दिवसाच्या उजेडात लावा. बाईमाणूस साडी उचलून उजेडात नेणारच. तिला पायरीवर कशाला पाठवायची?

नेसण्यासाठी सहा बाय सहा फुटांची मोकळी जागा ठेवा. पारंपरिक पद्धत, म्हणजे घोट्याच्या वर आणि खांद्यावर गाठ, शिकवायला कुणबी घरातली एखादी बाई पगारावर मिळाली तर चारही स्क्रीनचं काम ती एकटी करील. तिथे चौथरा बांधायचा मोह मलासुद्धा होतो, पण नव्याने साडी नेसलेला माणूस चार इंचांच्या पायरीवरून हमखास पडतो. लाल ऑक्साइडच्या फरशीचा चौकोन करा, पुरे.

माग मात्र ठेवू नका. चालवायला विणकर रोज बसणार नसेल तर महिन्याभरात त्यावर हिशेबाच्या वह्या चढतात.

साठ्याबद्दल. बोनोबोस या अमेरिकन कंपनीने अशी दुकानं काढली की माप घ्या, घालून बघा, माल मागाहून घरी येईल. गोव्यात हे अर्धंच चालेल. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामान चालतं, त्यात पर्यटक आधीच काजू कोंबून बसलेला असतो. त्याला “घरी पाठवतो” म्हटलेलं आवडेल. पण फोंड्याहून मुलीच्या साखरपुड्यासाठी आलेली आई पिशवी हातात घेतल्याशिवाय उठणार नाही. म्हणून चालणाऱ्या डझनभर साड्या दुकानात, बाकी प्रत्येकीचा एकच नग. दुकान आणि साइट यांचा साठा एकाच नोंदीत ठेवा, नाहीतर शेवटची साडी दोनदा विकाल.

किंमत चिठ्ठीवर छापा. ॲमेझॉनने २०१५ मध्ये सिएटलला पुस्तकांचं दुकान काढलं, तेव्हा किमतीसाठी फोनवर स्कॅन करावं लागे. २०२२ मध्ये त्यांनी अशी सगळी दुकानं बंद करायची ठरवली. त्याची कारणं अनेक असतील, पण किमतीसाठी फोन काढायला लावणं मला पटलेलं नाही. उलट लेन्सकार्ट २०१० पासून ऑनलाइन, तरी त्यांची दुकानं वाढत गेली. डोळे तपासायला आणि फ्रेम नाकावर बसते का बघायला माणूस लागतोच.

दाराबद्दल एकच. पणजीच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला पहिली काही पावलं धड दिसत नाही. पहिले पाच फूट रिकामे सोडा. आपल्या जुन्या घरांच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, असतो तसा एक बसका सोपो, म्हणजे बांधीव बाक, दोन्ही बाजूंना करा, नवरे तिथे बसतील. छत्र्यांसाठी निचऱ्याची जागाही तिथेच. भिंत जुनी चिऱ्याची असेल तर प्लास्टिक पेंट मारू देऊ नका. आत अडकलेली ओल त्याचे पापुद्रे काढते. चुन्याचा हात द्या. सुती माल भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा.

भाड्याचा करार करण्याआधी एक तालीम करा. मालकाकडून चावी घ्या, जमिनीवर खडूने काउंटर, आरसा, सोपो आखा आणि पाच बायकांना खऱ्या साड्या घेऊन फिरवा. आम्ही सेट लावण्याआधी असंच करायचो. कोण कुणाला धडकतं ते अर्ध्या तासात कळतं. छत्र्या ओल्या करून आणायला सांगा.