कोंबडी-वडे चालतील का ताई?

प्रश्न: ताई, माझ्या मुलीला (वय 16) मागच्या वर्षी सिलिॲक (गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आतड्याला सोसत नाही तो आजार) निघालं. गहू बंद केल्यापासून तब्येत छान आहे, हिमोग्लोबिन पण चढलं. आता डिसेंबरमध्ये आम्ही सगळे मालवण-तारकर्लीला चार दिवस जातोय. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, त्या म्हणतात आमच्याकडे सगळं तांदळाचंच, बिनधास्त खाऊ दे पोरीला. मला मात्र धाकधूक वाटते. मासे, कोंबडी-वडे, सोलकढी यातलं काय चालेल? आणि हॉटेलात सांगायचं कसं? ग्लूटेन म्हटलं की नुसती मान डोलावतात. - एक आई, कोल्हापूर

उत्तर: सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे हो. भात, पेज, घावणे, आंबोळी, शिरवाळे सगळं तांदळाचंच, आणि बांगड्याच्या कढीला दाटपणा येतो तो खोबऱ्याच्या वाटपाने, त्यात पीठ लावायची गरजच नसते. घोळ होतो तो तळलेल्या तुकडीत. सुरमई फ्रायवरचं ते कुरकुरीत आवरण बऱ्याच ठिकाणी रव्याचं असतं, आणि रवा म्हणजे गहूच की, पण आपल्या डोक्यात रवा वेगळा नि गहू वेगळा असं इतकं पक्कं बसलंय की "यात गहू आहे का" विचारलं तर वाढणारा पोरगा अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगतो. माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं, तुकडी अर्धी खाऊन झाल्यावर कळलं, पुढचे दोन दिवस पोरगा खोलीतच.

म्हणून ग्लूटेन हा शब्द घरीच ठेवून जा. पीठ, मैदा, रवा, शेवया, पाव, हिंग अशी एकेक नावं घेऊन विचारा आणि तेही आत तव्यापाशी जी बाई उभी असते तिला. हिंग का, तर डबीतला हिंग निव्वळ नसतो, त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं. म्हणजे डाळ, उसळ, लोणचं, उडदाचा पापड सगळीकडे तो बसलेला. तांदळाच्या पिठातला हिंग पण मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्या.

आता वडे. तांदूळ, उडीद, चणाडाळ ठीक, पण भाजणी घरोघरी वेगळी आणि कितीतरी जणी त्यात मूठभर गहू टाकतात. नसले टाकले तरी गिरणीत आधीचा डबा गव्हाचा असतो, कढईत आधी पुऱ्या तळलेल्या असतात. मी तरी वडे सोडून देईन, कोंबडीचा रस्सा भाताबरोबर काय वाईट लागतो? आणि मसाल्यात हिंग आहे का ते विचारायचंच.

कण गेला तर काय होतंय असं कोणी म्हटलं तर सांगा की पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम ग्लूटेन असतं आणि रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग. पोट दुखलं नाही म्हणजे चाललं असं पण नाही, आतलं नुकसान गुपचूप होत राहतं.

माझं ऐकाल तर हॉटेलपेक्षा घरगुती खानावळ किंवा होमस्टे बघा. कोंबडी-वड्याची ऑर्डर तिथे तशीही आदल्या दिवशी द्यावी लागते, त्याच फोनवर मुलीचं सांगून टाका. घरी मिक्सरवर काढलेलं तांदळाचं पीठ आणि एक छोटा तवा बरोबर न्या, म्हणजे बाईंना म्हणता येतं की मावशी, हिची तुकडी ह्यात घोळवा, ताजं तेल घ्या आणि रव्याची सुरुवात व्हायच्या आधी काढून द्या. लाजू नका, चार प्रश्न जास्त विचारले म्हणून मालवणात कोणी उपाशी उठवत नाही, दोन टोमणे मारतील फार तर! चायनीजच्या गाडीकडे मात्र बघू पण नका, सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि किनाऱ्यावरची भजी बेसनाची असली तरी कढई कसली ते कुणाला माहीत.

सोलकढी चालते. कोकम आणि नारळाचं दूध, बास. वरून हिंगाची फोडणी दिली नाहीये ना एवढं विचारा आणि मग दुसरा ग्लास मागितला तरी घेऊ दे तिला.