कीर्तनाच्या कॅसेटी मिनीडिस्कवर घ्यायच्यात, मोड कुठला ठेवू?

प्रश्न: वडिलांच्या कीर्तनांच्या ९० मिनिटांच्या ८ कॅसेटी आहेत, सगळं एकाच माइकवर टेप केलेलं, आणि घरच्या गाण्याच्या बैठकींच्या ६० मिनिटांच्या ६ आहेत, त्या दोन माइक लावून स्टिरिओ केलेल्या. भावाने जपानहून जुना एमडी (मिनीडिस्क) डेक आणलाय, त्यावर एसपी, मोनो, एलपी२ आणि एलपी४ असे मोड दिसतात. ८० मिनिटांच्या डिस्क फक्त १२ आहेत. एलपी४ ठेवलं तर सगळं आरामात मावेल ना?
एक वाचक, सातारा

उत्तर: मावेल, पण कृपा करून एलपी४ ठेवू नका. आणि त्याआधी डेकच्या मागे व्होल्टेज बघा, जपानचं मशीन १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० मध्ये थेट लावलं तर जळेल, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

आता मोड. एसपी म्हणजे नेहमीचा मोड, त्यात आवाजाला सेकंदाला २९२ किलोबिट मिळतात, एलपी म्हणजे लाँग प्ले, त्यातल्या एलपी२ मध्ये १३२ आणि एलपी४ मध्ये जेमतेम ६६, म्हणून तर त्यात ८० मिनिटांच्या डिस्कवर ३२० मिनिटं बसतात, पण टाळ-झांजा पाण्यातून आल्यासारख्या वाजतात आणि तानपुऱ्याचा झंकार पार विरून जातो. तुमची कीर्तनं एकाच माइकवरची, म्हणजे डावं-उजवं सारखंच, मग मोनो घ्या की. वेळ दुप्पट, १६० मिनिटं, आणि दर्जा एसपीचाच. शिवाय मोनो कुठल्याही जुन्या एमडी प्लेअरवर वाजतं. एलपीवाले मोड २००० साली आले, त्याआधीच्या मशीनवर ते रेकॉर्डिंग नुसतं पुढे सरकतं, आवाज काही येत नाही.

हिशोब बघा, कीर्तनाच्या १६ बाजू, एका डिस्कवर ३ बाजू म्हणजे १३५ मिनिटं, सहा डिस्क झाल्या. बैठकी एसपीमध्ये, एका डिस्कवर एक कॅसेट, त्या सहा. झाल्या की बारा!

मोनोत एक गोष्ट मात्र सांभाळा. कॅसेट डेकचं हेड वाकडं असेल तर डावा-उजवा आवाज एकत्र झाल्यावर तो बोदा होतो, त्यामुळे आधी अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर टाकून हेडचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवत जा आणि झांज सगळ्यात लख्ख ऐकू येईल तिथे थांबा, हे केल्याशिवाय रेकॉर्ड दाबूच नका. मोड पण आधीच ठरवा, रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर तो बदलत नाही आणि झालेलं रेकॉर्डिंग डेक दुसऱ्या मोडमध्ये करून देत नाही. ऑटो ट्रॅक मार्क बंद ठेवा, नाहीतर बुवा जरा थांबले की नवा ट्रॅक पडतो, आख्यानाचे तुकडे होतात, पूर्वरंग-उत्तररंगाच्या खुणा नंतर हाताने घाला.

आणि लाइटचं काय ते बघा. डिस्कवर काय कुठे आहे याची यादी, तिला टीओसी म्हणतात, ती रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते, त्याआधी वीज गेली तर दीड तासाचं कीर्तन गेलं, माझं स्वतःचं असं एकदा गेलंय आणि अजून हळहळ वाटते. म्हणून प्रत्येक बाजू झाली की इजेक्ट दाबा, डिस्क बाहेर येऊ द्या, म्हणजे ती यादी लिहिली जाते, मग परत घाला. सोनीने कोऱ्या डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, तेव्हा आहेत त्या १२ जपून वापरा, चुकलं तर पुसून परत करता येतं, आणि मूळ कॅसेटी अजिबात टाकू नका.