मुलीला घाबरवायचं काम मी घेत नाही

पेडणे तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला ७८ टक्के, नीटमध्ये मात्र नंबर लागला नाही. तिला डॉल्फिन, व्हेल अशा समुद्री सस्तन प्राण्यांचा अभ्यास करायचाय. वडिलांनी तिला न सांगता रिपीटर बॅचची फी भरून टाकली. शेवटी लिहितात, "अगदीच हट्टाला पेटली तर जमीन विकून परदेशी पाठवू. पण आधी तुम्ही तिला जरा घाबरवा. दिवसभर डॉल्फिनबरोबर पोहून पोट भरतं का?"

पोटाचं नंतर बघू. आधी त्या फीचं बोलू. अठरा वर्षांच्या मुलीचं एक वर्ष तुम्ही तिला न विचारता कुणाच्या तरी क्लासला देऊन आलात, आणि आता तिला घाबरवायला मला सांगताय. घाबरलेले तुम्ही आहात. त्यात वावगं काही नाही, बापाला भीती वाटतेच. पण ती भीती मुलीच्या नावावर खपवू नका. तीन पानी पत्रात तिचं स्वतःचं म्हणून एकही वाक्य मला सापडलं नाही.

एक प्रसंग मात्र आहे. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलाय. पावसाळ्यात मोरजीला मेलेला डॉल्फिन वाहून आला, तेव्हा ही वनखात्याच्या माणसांना मोजपट्टी धरायला उभी राहिली आणि दोन तासांनी "घाण वास घेऊन" घरी आली. अहो, चार दिवसांचं कुजलेलं धूड बघून एमएस्सी झालेली मुलंही नाक दाबून मागं सरतात. तुमच्या मुलीच्या गुणपत्रिकेपेक्षा मला ती मोजपट्टी जास्त सांगून गेली.

आता पोहण्याचं. हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, सिकेरीला 'नो डॉल्फिन, नो पे' ओरडणाऱ्या होड्यांनी तो पक्का केलाय. आपल्याकडे दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन, जगभरात धोक्यात आलेली जात. तो किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात राहतो. तिथं बुडी मारून काही दिसायचं नाही. अभ्यास होतो तो होडीतून. पहाटे निघायचं, पाठ दिसली की वेळ, अंतर, कोन, किती जण, पिल्लू आहे का, हे ओल्या हातांनी कागदावर उतरवायचं. काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं, ती पण नोंदच. मग घरी बसून शेकडो फोटो ताडून बघायचे. पाठीवरच्या पराला कुठं खाच आहे, कुठं ओरखडा, त्यावरून हा मागच्या जानेवारीतलाच की नवा, ते ठरतं. पुढं सगळी संख्याशास्त्राची मारामारी. बायोलॉजी घेतली म्हणजे गणित सुटलं असं तिला वाटत असेल तर हे तिला जरूर सांगा. डॉल्फिनच्या खेळांचं तर नावच नको, भारतात २०१३ पासून त्याला परवानगीच नाही.

नीटची परीक्षा पुन्हा देता येते, वयाची वरची अट नाही. पण ती द्यायची तिची इच्छा असेल तर.

आणि जमीन विकू नका. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला याच विषयाची एमएस्सी आहे, एका वर्षाची, पण ती पदवीनंतर. आत्ता गोव्यातच झूलॉजी घेऊन बीएस्सी करू दे. पुढं गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे, तमिळनाडूत परंगीपेट्टईचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र, देहरादूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळूरला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था. दोना पावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, घराजवळ आहे म्हणून तिथं डॉल्फिनवरची नोकरी ठेवलेली असेल असं मात्र धरून चालू नका. त्यांचा व्याप सगळ्या समुद्रशास्त्राचा आहे.

नोकऱ्या कमी आहेत, हे लपवत नाही. बरीचशी कामं प्रकल्पापुरती असतात. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, पण पीएचडीपर्यंत दम लागतो. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानग्यांत महिने जातात.

तिच्याजवळ एक गोष्ट आहे जी देहरादूनला शिकवत नाहीत. डॉल्फिन मरतात ते मुख्यतः जाळ्यांत अडकून. जाळ्यात काय सापडलं, हे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, इंग्रजी बोलणाऱ्या परक्या माणसाला सांगत नाही. तुमच्या मुलीला तो कोंकणीत सांगेल, वर चहा पाजून. पदवीची तीन-चार वर्षं तिनं सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन हेच लिहून काढावं. कंटाळा आला तर तिचं तिलाच कळेल, आणि तुमची जमीन जागेवर असेल.

पुढचं पत्र तिला लिहायला सांगा. तुम्ही तोवर फीची पावती शोधा आणि पैसे परत मिळायची मुदत आजच बघा. बॅच सुरू झाली की बहुतेक क्लास हात वर करतात.