गौरी-गणपतीत अंगावर पाजताना

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

बाळ जेमतेम तीन महिन्यांचं आणि हरतालिका तोंडावर. उपवासाने दूध आटेल का, असं तू विचारलंस. एका दिवसाच्या उपवासाने दूध आटत नाही. सणासुदीत ते कमी होतं पाजण्याच्या वेळा चुकल्यामुळे. बाळ जितकं ओढून घेतं तितकं नवीन तयार होतं. छाती तासन् तास भरलेली राहिली की शरीर दूध बनवणं मंद करतं.

तरीही निर्जळ उपवास करू नकोस. दिवसाला साधारण ७५० मिली दूध तुझ्या अंगातून जातं. पाणी नसेल तर आधी तूच गळून जातेस. डोकं ठणकलं, चक्कर आली, लघवी गडद पिवळी झाली की उपवास तिथेच सोड. फराळ करायचा तर नुसत्या साबुदाण्यावर भागवू नकोस, त्यात प्रथिनं नावालाही नसतात. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, दही, केळं असं दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे. मूठभर दाण्यांतून ७-८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. भगरीचं सुटं, जुनं पीठ मात्र आणू नकोस; दमट हवेत बुरशी धरते आणि उलट्या-जुलाब होतात. पाजायला बसताना पाण्याचा तांब्या हाताशी ठेव.

खरी कसोटी गौरी जेवतात त्या दिवशी. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि स्वयंपाक सोवळ्यात. बाळाला घेतलं की सोवळं मोडतं, म्हणून ‘एवढं पुरण वाटून होऊ दे’ म्हणता म्हणता चार तास निघून जातात. सासूबाईंशी आदल्या दिवशीच बोल: सोवळ्यातलं काम मला नको, भाज्या निवडीन, पानं मांडीन, हळदीकुंकवाची तयारी करीन. नैवेद्याला दुपारचे दोन वाजणार असतील तर तोवर उपाशी राहू नकोस. पाजणारीने आधी खाल्लं तर बऱ्याच घरांत चालतं, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

बाळ त्या दिवशी हातोहात फिरतं. रडलं की कुणी खांद्यावर टाकून झुलवतं आणि ते भुकेलंच दमून झोपी जातं. मुठी चोखायला लागलं, तोंड इकडेतिकडे फिरवायला लागलं की लगेच मागून घे. रडणं ही भुकेची शेवटची खूण. आतल्या खोलीत दार लोटून पाज, आरतीच्या गजरात ते मान वळवत राहतं आणि अर्धपोटी सोडतं. ब्लाउज पुढून हुकांचं घाल. पैठणीवरचं घट्ट, कप शिवलेलं ब्लाउज दिवसभर अंगावर राहिलं तर दाबाने दूध अडकून गाठ येते.

छाती दगडासारखी झाली आणि बाळाला तोंडात धरता येईना, तर हाताने थोडं काढ. स्वच्छ हात धू. अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेव. आधी बरगड्यांकडे दाब, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आण आणि सोड. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. पहिल्या मिनिटात थेंबच येतील, मग धार लागते. मऊ पडली की थांब आणि पाज. नंतर गार फडकं ठेव. जोरजोराने चोळलं तर सूज वाढते. एक भाग लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पण त्या बाजूनेही पाजणं चालू ठेव.

काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नकोस, फ्रिजमध्ये २४ तास. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट कर आणि वाटी-चमच्याने पाजायला सांग. कोकणात एसटीने जाणार असलीस तर मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची आडोशाची खोली, असतो, उतरल्यावर आधी तो शोध.

पंचामृताचं बोट बाळाच्या ओठाला कुणी लावू देऊ नकोस. त्यात मध असतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. तीर्थही नको, सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा लागत नाही.

‘रडतंय, दूध पुरत नसेल’ असं कुणीतरी म्हणणारच. २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. पावडरीचा डबा कुणी आणायला निघालं तर हे लंगोटांचं गणित सांगायचं काम नवऱ्याकडे दे.

तुझी,
मावशी